ज्यानं माझ्या गाडीला हात लावला

मी मूळची ह्या किनाऱ्यावरची नाय बघा, मी आतली, कट्टा गावाच्याही पलीकडची, भात आणि काजूवाल्या घरातली, समुद्र मी लग्न होईपर्यंत जत्रेला आले तेव्हा बघितला असेल तेवढाच. आमचे बाबा काजूच्या बिया घेऊन व्यापाऱ्याकडे जायचे तेव्हा मला सोबत न्यायचे, सात-आठ वर्षांची असेन, आणि कशाला न्यायचे तर तराजूवर नजर ठेवायला, कारण व्यापाऱ्याचा माणूस पारड्याला खालून पायाच्या अंगठ्याने टेकू द्यायचा, खोटं नाय सांगत, अंगठ्याने, आणि तो मी पकडला, भर दुकानात ओरडले, बाबा, आंगठो बघा तेचो! तेव्हापासून ही खोड लागली ती लागली, कोण काही म्हणालं की मी आधी त्याच्या पायाकडे बघते. आमची आवस, म्हणजे आई, म्हणायची, ह्या चेडवाचो देवावर पण विश्वास नाय, प्रसाद दिलो तरी हुंगान बघतला.

तुम्ही घाटावरचे, तुम्हाला सगळं मालवणी कळायचं नाय, म्हणून मी पॅसेंजरशी बोलते तसं बोलते, पण मध्येच राग आला तर माझी भाषा माझ्या हातात राहत नाय, ते तुम्ही सांभाळून घ्या.

लग्न होऊन इथे आले, माडांतलं घर, समोर खळं, म्हणजे आमचं अंगण हो, एका अंगाला बाव, विहीर, आजेसासऱ्यांनी खणलेली, आणि तिच्या पाण्याचा ह्या घराला काय गर्व, काय सांगू तुम्हाला, समुद्र दोन हाकांवर आणि बावीचं पाणी गोड, पाहुणा आला की चहाच्या आधी तांब्याभर ते पाणी द्यायचे आणि तो वा म्हणेपर्यंत समोर उभे राहायचे. घराचे दोन भाग, एकात आम्ही, दुसऱ्यात माझे धाकटे दीर, वसंतभावजी. आमचे हे ड्रायव्हर, स्वतःची गाडी, कुडाळ स्टेशनवरून माणसं आणायची, मालवण-तारकर्ली फिरवायची, परत सोडायची. मला गाडी ह्यांनीच शिकवली, कापणी झालेल्या मळ्यात, गावची बायकामाणसं बांधावर उभी राहून हसायची, शालनवयनी भाताची उडवी पाडतली बघा, आणि पेंढ्यांची एक रास पाडलीही, पण शिकले.

तेव्हा शिकले म्हणून आज घर उभं आहे. ह्यांना साखरेचा आजार, त्यात डोळ्यांच्या पडद्यावर रक्त आलं, कणकवलीला नेलं, पुढे आणखी दोन ठिकाणी नेलं, सगळ्यांनी सांगितलं, उरलंय तेवढं सांभाळा. उरलंय म्हणजे काय, उजेड कुठे, काळोख कुठे आणि समोर माणूस उभा आहे त्याची सावली, एवढंच. सात वर्षं झाली त्याला. तेव्हापासून गाडी मी चालवते. ज्या माणसाला आंबोलीपासून गोव्यापर्यंतचं प्रत्येक वळण पाठ, तो माणूस खळ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी गाडी बाहेर काढते ती ऐकतो, आणि संध्याकाळी मी आले की सांगतो, आज दुसऱ्या गिअरला घासटलीस गो. डोळे गेले तशे कान वाढले त्यांचे.

त्यांना गाडीच्या जवळ यायची भारी हौस, पण मी देत नसे. त्याला कारण झालं. एकदा काच पुसायच्या पाण्याच्या टाकीत त्यांनी चाचपडत इंजिन ऑइल ओतलं, आणि मी कुडाळला पॅसेंजर बसलेले असताना काचेवर पाणी सोडलं तर समोर सगळं तेल, पुढचं काही दिसेना, पॅसेंजर ओरडायला लागले. घरी येऊन मी तोंड सोडलं ते सोडलंच. तुमका दिसणा नाय तर गप खुर्चेर बसा, आजपासून माज्या गाडयेक हात लावूचो नाय. माज्या म्हटलं बघा मी. गाडी त्यांची. त्या दिवशी जेवताना ताटातला मासा वेगळा काढून ठेवला त्यांनी, आणि मी म्हटलं बरं झालं, एकदा सांगितलं म्हणजे झालं.

आता गाडीच्या पाण्याची गोष्ट. गेल्या वर्षीची, शिमगा होऊन गेल्यावरची, ऊन तापायला लागलं होतं. कुडाळवरून येताना चढावाला गाडीचा काटा वर चढला, इंजिन तापलं की वर जातो तो काटा. मी बाजूला घेतली, थंड होऊ दिली, बोनेट उघडलं, तर कूलंटची बाटली जवळजवळ रिकामी. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी हो, बंद नळ्यांतून फिरत असतं, ते असं आटत नाय, त्याला कुठेतरी गळावं लागतं. मी खाली वाकून बघितलं, एक थेंब नाय. दुसऱ्या दिवशी गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला, तो सुद्धा कोरडा. आता कोरडा पुठ्ठा बघून दुसरं कोणी खूश झालं असतं, मी मात्र तो दोनदा उलटून बघितला, कारण गळत नाय आणि जातंय, म्हणजे कोणीतरी काढतंय.

कट्ट्याला बाबी मेस्त्री, आमची गाडी त्याच्याकडेच असते, हे गाडी चालवायचे तेव्हापासून. त्याने आधी झाकण काढून बघितलं, म्हणाला, वयनी, झाकणाचा रबर गेला हा, ह्या झाकणातसून वाफ जाता, नवीन घालूया. घातलं. आठ दिवसांनी परत तेच. मगे त्याने ऑइलची पट्टी काढून बघितली, ऑइलमध्ये पाणी गेलं की ते दुधाच्या चहासारखं होतं म्हणे, तर तसं नव्हतं. सायलेन्सरच्या मागे उभा राहून धूर बघितला, पांढरा येतो का, इंजिनात पाणी जळत असेल तर पांढरा येतो, तसाही नव्हता. हाताचा पंप जोडून आत दाब दिला आणि आम्ही दोघं स्टुलावर बसून त्या पंपाच्या काट्याकडे बघत राहिलो, एक चहा झाला, दुसरा झाला, काटा हलेना. मेस्त्री डोकं खाजवत म्हणाला, हयसर गळती नाय, पाणी गेला खंय ता माकाच कळना नाय. आणि मी काय बघत होते सांगू, त्याच्या पायाकडे. मनात म्हणत होते, अरे बाबी, तूच तर काढून घेत नायस ना, गिऱ्हाईक परत परत यावं म्हणून? खरं सांगते, इतक्या वर्षांचा माणूस, पण मनात आलं ते आलं, आणि मी त्याला तसं तोंडावर विचारलं पण. तो पाना पुसत राहिला, आणि त्या दिवशी रस्त्यापर्यंत सोडायला आला नाय.

घरी आले, मुलगी कणकवलीला दिलीय तिचं जुनं नेलपॉलिश कपाटात होतं, ते घेतलं आणि बाटलीवर पाणी जिथे होतं तिथे बारीक लाल रेघ मारली. कोणाला सांगितलं नाय, ह्यांनाही नाय. तीन दिवसांनी सकाळी दूध घेऊन आल्यावर बोनेट उघडलं, तर पाणी रेघेच्या वर होतं. खाली नाय, वर. कमी झालेलं मी समजू शकते, पण पाणी आपसूक वाढतं कसं हो? आणि रंग, पहिला गर्द हिरवा होता, तो आता बघावा तर फिका, कैरीच्या पन्ह्यासारखा. म्हणजे कोणीतरी माझं चांगलं कूलंट काढतंय आणि त्याच्या जागी साधं पाणी भरतंय. मेस्त्री तर कट्ट्याला. म्हणजे चोर घराजवळचा.

आणखी एक बघितलं मी. गाडीच्या पुढच्या चाकाजवळ हीर पडलेला. हीर म्हणजे माडाच्या पातीची मधली शीर, ज्याचा खराटा करतात. आता माडांच्या गावात हीर पडायला काय, पण हा स्वच्छ, सोललेला, वीतभर मापाने तोडलेला, आणि दुसऱ्या दिवशी तिथेच दुसरा, तसाच. आमच्याकडे अशी मापाने तोडलेली काडी दारात पडली की बायका ती पायाने पण लोटत नायत, करणीची असेल म्हणून. मी चिमट्याने उचलून चुलीत घातले दोन्ही.

आणि ह्या सगळ्यात डाळ शिजेना. दोन दिवस नळाला पाणी नव्हतं, प्यायला साठवलेलं होतं, शिजवायला मी बावीचं वापरलं, एरवी आता आम्ही सगळेच नळाचं पितो, बावीचं फक्त भांडी आणि झाडांना. तर डाळ तीन शिट्ट्या, सहा शिट्ट्या, कडक ती कडकच. मी उरलेली डाळ पिशवीत भरून दुकानात नेऊन आपटली, जुनी डाळ खपवतंस माका? तो बिचारा म्हणाला, वयनी, सगळो गाव हीच डाळ न्हेता. मी म्हटलं, गावाक डोळे नाय.

वसंतभावजींचं आणि माझं आधीपासून फार बरं नव्हतं. त्यांना वाटे, बायकामाणसाने स्टेशनवर पुरुषांच्या रांगेत गाडी लावणं बरं दिसत नाय, एकदोनदा बोलूनही दाखवलं होतं, शिवाय मी गाडी खळ्यात लावते ती त्यांच्या नारळ सुकवायच्या जागेत येते म्हणून धुसफूस. मी लक्ष ठेवायला लागले, तर सकाळी मी दुधाला जायला निघाले की हे भावजी बरोबर त्याच वेळी पडवीत येऊन उभे राहायचे आणि मी गेटबाहेर जाईपर्यंत माझ्याकडे बघत राहायचे. मी वळून बघितलं की मान फिरवायचे. आता तुम्हीच सांगा, ह्याचा अर्थ काय लावायचा माणसाने?

मग परत गाडी तापली, ह्या वेळी भर बाजारात. माझी मान खाली गेली, पण दुसरा मेस्त्री कोण आहे, परत बाबीकडेच गेले. त्याने ह्या वेळी गाडी जॅकवर चढवली, हातबॅटरी घेऊन इंजिनाच्या मागच्या बाजूला शिरला, आणि बऱ्याच वेळाने आतून ओरडला, वयनी, गावला! इंजिनाच्या मागे अॅल्युमिनियमचा पाईप असतो, बाहेरून दिसत नाय तो, त्याला सुईच्या टोकाएवढी भोकं, तीन-चार, आणि सभोवती पांढरी खपली. गाडी थंड असते तेव्हा ती खपलीच भोक बुजवते म्हणून पंप लावला तरी कळलं नाय, इंजिन तापून पाईप फुगला की भोकं उघडतात, थेंब खालच्या तापलेल्या सायलेन्सरवर पडतो आणि जमिनीवर येण्याआधी वाफ होऊन जातो. म्हणून माझा पुठ्ठा कोरडा. मेस्त्रीने ती खपली नखाने काढली आणि जिभेला लावली, मी म्हटलं, अरे विष असतं ते, तर थुंकला आणि म्हणाला, वयनी, ह्या मीठ. खाऱ्या पाण्यान पाईप खाल्ल्यान. तुमी खारा पाणी घालतास?

मी? मी तर दुकानातलं बंद कॅनमधलं कूलंट घालते. त्याने पाईप मागवायला दोन दिवस घेतले, तेवढ्यापुरतं काहीतरी लावून दिलं, आणि मी गाडी चालवत घरी येताना माझ्या डोक्यात एकच, मीठ. चोरी नाय ही, चोरी परवडली, हे कोणीतरी मुद्दाम समुद्राचं पाणी आणून माझ्या इंजिनात घालतंय, माझ्या पोटावर पाय देतंय. समुद्र दोन हाकांवर, भावजी सकाळी पडवीत. जुळलं की नाय?

आमच्याकडे अशा वेळी माणूस पोलिसात जात नाय, देवाकडे जातो. देवळात नारळ ठेवायचा, गुरव आपल्या वतीने गाऱ्हाणं घालतो, देवाला सगळी हकिगत मोठ्याने सांगतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला व्हय म्हाराजा म्हणतात, म्हणजे आमचीही साक्ष आहे, आमचंही मागणं तेच. सोमवारी सकाळी देवळात पंधरा-वीस माणसं होती, भावजीही होते. मी नारळ ठेवला. गुरवाने सुरू केलं, बा देवा म्हाराजा, ही तुजी लेक तुज्या पायाकडे इली हा, तिच्या पोटापाण्याच्या गाडयेक जो कोणी हात लावता, घरातलो आसो, भायरलो आसो, तेका तू समोर हाड. व्हय म्हाराजा. मला ते पुरेना. मी म्हटलं, समोर आणून काय, शिक्षा सांगा. गुरव हळूच म्हणाला, वयनी, देवाक शिक्षा शिकवची नसता. पण माझ्या अंगात तेव्हा काय शिरलं होतं, मी स्वतःच मोठ्याने बोलले, जेनी माज्या गाडयेक हात लावल्यान, तेच्या डोळ्यांफुडे काळोख कर रे म्हाराजा.

सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. भावजी नाय म्हणाले. मी बघत होते ना त्यांच्याकडेच, ओठ सुद्धा हलले नायत, चेहरा पांढराफटक, आणि तसेच पायऱ्या उतरून निघून गेले. मी मनात म्हटलं, खाई त्याला खवखवे. गावानेही बघितलं, गावालाही कळलं मी कोणाला म्हणाले ते.

दुसऱ्याच दिवसाची गोष्ट. सकाळी साडेसहाला मी दुधाला निघाले, डेअरी वीस मिनिटांवर, अर्ध्या वाटेत आठवलं, किटली घरीच राहिली. परत फिरले. गेटाजवळ आले तर गाडीचं बोनेट वर. म्हटलं सापडला, देवाने एका दिवसात समोर आणला, आणि चपला काढून हातात घेतल्या आणि माडाच्या आडून पुढे गेले.

आमचे हे होते. बनियन, लेंगा, पायाशी बावीच्या पाण्याने भरलेली कळशी, एका हातात तांब्या, दातांत हीर धरलेला. तांब्यातून पाणी बाटलीत ओतत होते, अगदी बारीक धार, कान बाटलीकडे लावून, बाटली भरत आली की आवाज बदलतो ना, तो ऐकत. मग थांबले, दातांतला हीर काढला, बाटलीत उभा सोडला, वर काढला आणि अंगठा फिरवून बघितलं कुठपर्यंत ओला झाला ते. एक थेंब बाहेर सांडला नाय. माझ्या पायाखाली सुकं पान वाजलं तशी मान वळवून म्हणाले, वसंता, गेली काय रे ती?

काय सांगू तुम्हाला! मी तशीच उलट्या पावलांनी गेटबाहेर आले आणि वाटेवरच्या दगडावर बसले. किटली नाय, दूध नाय, हातात चपला. आदल्या दिवशी मी देवाजवळ काय मागितलं होतं ते मला शब्द अन् शब्द ऐकू येत होतं. डोळ्यांपुढे काळोख कर. त्या माणसाच्या डोळ्यांत उरलं होतं ते काय, दारातला उजेड आणि माझी सावली, एवढंच तर, आणि मी बायको होऊन तेवढंही काढून घे म्हणाले, वीस माणसांच्या साक्षीने. मी आयुष्यात इतकी घाबरले नाय, घाटात ब्रेक गेला होता तेव्हाही नाय.

गाडी काढून सरळ कट्ट्याला गेले, बाबी मेस्त्रीला आधी म्हटलं, माझं चुकलं, तुझ्यावर संशय घेतला, आणि मग सगळं सांगितलं. तो म्हणाला, वयनी, बावीचा पाणी एकदा चाखून बघा. मी हसले, आमच्या बावीचं? अरे ते तर गोड. कधी प्यायलात शेवटचा? आणि मला आठवेना. दोन वर्षं, तीन वर्षं, नळ आल्यापासून कोणीच प्यायलं नव्हतं. डाळ आठवली. घरी येऊन पोहरा सोडला, ओंजळभर तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. मचूळ, खारं. बाव कधी फिरली आम्हाला कळलंच नाय. पलीकडे माडांत पर्यटकांच्या खोल्या झाल्या, त्यांनी बोअर मारल्या, त्यामुळे असेल, माझा संशय तोच आहे, पण माझ्या संशयाचं काय, तुम्ही बघितलंतच. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होते.

भावजी मागच्या परड्यात नारळ सोलत होते. मी समोर जाऊन उभी राहिले, म्हटलं, भावजी, तुम्हाला माहीत होतं. त्यांनी हातातला नारळ पुरा सोलला आणि मगच वर बघितलं. म्हणाले, दादान माका शपथ घातल्यान, तिका सांगा नको, ती परत हात लावूक देवची नाय. मी फक्त तुमी गेलास काय ता बघी. मी विचारलं, मग देवळात खरं का नाय सांगितलंत, तसेच उतरून का गेलात, मी सगळ्या गावासमोर तुम्हाला चोर ठरवलं. तर म्हणतात कसे, माका चोर म्हणालास ता चलात वयनी, पण माज्याच भावाच्या डोळ्यांक शाप, आणि तेका मी व्हय म्हणू? मला तिथेच रडायला आलं. त्यांनी खांद्यावरचा पंचा पुढे केला, मला, जिने त्यांना पाण्यात बघितलं.

गुरवाकडे गेले. म्हटलं, देवाला सांगितलेलं परत घेता येतं का? त्याने आधी समईची वात सारखी केली, मला वाटलं नाय म्हणतो आता. मग म्हणाला, येता, पण जसा सांगलास तसाच, चार माणसांफुडे, नाव घेवन. तर पुढच्या सोमवारी मी देवळात उभी राहिले आणि नवऱ्याचं नाव, जे मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, ते देवासमोर घेतलं, आणि म्हटलं, हात लावणारो माजो घोव, गाडी तेचीच, चूक माजी, दिलेलो शब्द माका परत दी आणि तेच्या डोळ्यांत आसा तेवढा ऱ्हावंदे. आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या वर, वसंतभावजींचा आवाज आला, व्हय म्हाराजा!

ह्यांना मी त्या सोमवारी संध्याकाळी चहा देताना सांगितलं. सगळं, शाप पण. वाटलं, माणूस कोसळेल. तर हसायला लागले, चहा सांडला लेंग्यावर. अगो शालन, डोळे जावन सात वर्षां झाली, देवान तुजा आयकल्यान तरी तेका करूक उरला काय? मी म्हटलं, पण तुम्हाला कळलं कसं गाडीचं पाणी कमी होतंय ते, मला कळायच्या आधी? तर म्हणाले, फॅन. गाडी बंद केलीस तरी फॅन फिरत ऱ्हवता, पयलो इतको फिरा नाय. गाडयेक तान लागली होती. म्हणजे मेस्त्रीने पंप लावला, मी रेघा मारल्या, आणि पहिलं झाकणाचं रबर गेलं तेव्हाच ह्या माणसाने खुर्चीवर बसून ओळखलं होतं, आणि तेव्हापासून बावीचं पाणी घालत होता.

पण मिठाचं सांगितलं ते मात्र त्यांना लागलं. विश्वास बसेना. स्वतः चाचपडत बावीजवळ गेले, पोहरा ओढला, प्यायले, आणि तसेच काठावर हात टेकून उभे राहिले. आज्यान खणलेली, एवढंच म्हणाले. मग म्हणाले, म्हणजे पाईप मीच खाल्लंय. मी म्हटलं, मेस्त्री काय म्हणाला ऐका, तुम्ही रोज भरलं नसतं तर गाडी घाटात कोरडी पडून इंजिनच बसलं असतं, पाईप गेला पण इंजिन वाचलं ते तुमच्यामुळे. ते माझ्या आवाजाकडे तोंड करून म्हणाले, खरा सांगतंस? माझ्याकडे संशयाने बघणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, आणि काय वाटतं ते मला तेव्हा कळलं. म्हटलं, देवाशपथ. आणि मेस्त्री खरंच तसं म्हणाला होता.

आता नवीन पाईप आहे, नवीन झाकण आहे, नळ्या सगळ्या धुऊन काढल्यात. पाणी कमी होत नाय. लाल रेघ अजून आहे बाटलीवर, ती मी रोज बघते, सवय जात नाय ती जात नाय. डोळ्यांचं म्हणाल तर तेवढंच आहे, कमी नाय जास्त नाय, मी अधूनमधून उगाच त्यांच्यासमोर उभी राहते आणि विचारते, मी खंय आसंय सांगा, आणि ते माझ्याकडे बोट दाखवतात, तेवढ्यावर माझा दिवस जातो. डाळवाल्याकडे पण गेले, माफी मागितली, तो म्हणाला, वयनी, आता साखर पण बघून न्हेवा. तुम्हीही बाबा कोणावर बोट ठेवण्याआधी घरच्या बावीचं पाणी एकदा चाखून बघा, आणि देव तुमच्या माणसांचं आहे तेवढं राखो.

कॅन पडवीत ठेवलाय, बंद, चांगल्या कूलंटचा. रोज सकाळी मी निघायच्या आधी बोनेट उघडून ठेवते आणि बाजूला होते. ते येतात, खराट्यातला एक हीर ओढून घेतात, मापाने तोडतात, बाटलीत सोडतात, अंगठा फिरवतात. पाणी बरोबर असतं हे मी आधीच बघितलेलं असतं, आणि मी बघितलेलं असतं हे त्यांनाही माहीत असतं. पण ते भरपूर आसा, जा, असं म्हणेपर्यंत मी चावी फिरवत नाय.